वकील लागेल, पण अर्जासाठी नव्हे

प्रश्न : आमचे मालक टेम्पो चालवत होते. वय ४६. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हातात काही धरत नाही, उजवा पाय ओढत चालतात. समोरच्याचं सगळं कळतं, पण स्वतः बोलायचं झालं की शब्द सापडत नाही. पाणी मागायचं असतं आणि तोंडून भलतंच येतं, मग चिडतात. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं ते सगळं मीच सांगितलं. प्रमाणपत्र आलं, त्यावर ३६ टक्के. संजय गांधीच्या पगारासाठी तहसीलला गेले, तर खिडकीवरच्या बाईंनी ४० टक्के लागतात म्हणून कागद जसेच्या तसे परत दिले. लिहून काही दिलं नाही. बाहेर एक जण भेटला, आठ हजारांत ४५ टक्के करून देतो म्हणाला. गावातल्या एका वकिलांना विचारलं, तर म्हणाले आत्ता काही देऊ नका, पगार सुरू झाला की वर्षभर निम्मा मला द्या. मी शिलाई करते. उत्पन्नाचा दाखला ४८ हजारांचा आहे. प्रमाणपत्राला दोन महिने होत आले. वकील करावा का? कसा करायचा? आणि त्या माणसाला पैसे द्यावेत का?
– एक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यात घाई आहे. त्या माणसाला एक रुपया देऊ नका. तुमचे कागद त्याच्याकडे असतील तर आजच परत घ्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो २०१६चा कायदा आहे, त्याच्या कलम ९१ नुसार दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्याला किंवा घेऊ पाहणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रमाणपत्रावर नाव तुमच्या यजमानांचं असणार, त्या माणसाचं नव्हे. उद्या चौकशी आली तर तो तहसीलच्या आवारात दुसऱ्या कुणाशी तरी बोलत उभा असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तुमचे मालक खरोखरच ४० च्या वर भरण्याची चांगली शक्यता असताना तुम्ही खोट्या कागदासाठी पैसे मोजाल. ही शक्यता मी कशावरून म्हणते, ते पुढे सांगते.

वकीलसाहेबांचं म्हणणं ऐकायला गोड आहे. आत्ता खिशातून काही जात नाही. पण आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि अशिलाला मिळणाऱ्या पैशात वाटाही घेता येत नाही. परदेशात काही ठिकाणी अशी पद्धत आहे, इथे नाही. तेव्हा 'निम्मा पगार' हा सौदा नियमातच बसत नाही. ते गृहस्थ मनाने वाईट असतील असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. पण दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये मिळतात. त्यातले निम्मे म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. जे काम तुम्हाला फुकट करून मिळू शकतं, त्यासाठी.

आता मुख्य प्रश्न, वकील करावा का? नुसता अर्ज भरायला वकील लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज सेतू केंद्रात भरता येतो आणि त्यात कायद्याचं काही कोडं नाही. रहिवासी, वय, उत्पन्न, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक, आधार. वकील लागतो तो कुणीतरी 'नाही' म्हटल्यावर, आणि त्यातही आधी हे ओळखावं लागतं की 'नाही' नक्की कुणी म्हटलं. तुम्हाला वाटतंय ते तहसीलने म्हटलं. माझ्या मते ते दवाखान्यात म्हटलं गेलं. तहसीलदारांना ३६ चे ४० करण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे त्या खिडकीशी भांडण्यात तुमची शक्ती आणि शिलाईचे दिवस वाया जातील. (त्या बाईंनी कागद परत द्यायला नको होते, ते खरंच. अर्ज आवक करून घ्यायचा आणि नामंजूर असेल तर तसं लेखी कळवायचं, ही रीत आहे. पण तो हिशेब नंतरचा.)

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं : 'डॉक्टरांनी विचारलं ते सगळं मीच सांगितलं.' ताई, घोटाळा बहुधा इथेच झाला आहे.

अर्धांगवायूने तुमच्या यजमानांचं दोन प्रकारचं नुकसान केलं आहे. एक हातापायाचं, दुसरं बोलण्याचं. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात हातापायाच्या हालचालीचं दिव्यांगत्व वेगळं, वाचा व भाषेचं दिव्यांगत्व वेगळं धरलं आहे. मेंदूला इजा होऊन शब्द न सापडणं, एकाच्या जागी दुसराच शब्द येणं, याला डॉक्टर अफेजिया म्हणतात, आणि कायद्यातल्या वाचा-भाषेच्या व्याख्येत त्याचा उल्लेख नावानिशी आहे. आता तपासणीचा दिवस आठवा. समोर हाडांचे डॉक्टर असतील. त्यांनी हात वळवून पाहिला असेल, चार पावलं चालायला लावलं असेल, आणि प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं तुम्ही दिलीत. माणूस बोलू शकत नाही हे त्यांनी ऐकलंच नाही. तुमचा हेतू मदतीचा होता. घरात दिवसभर तुम्हीच त्यांचा आवाज झालेल्या आहात, ती सवय दवाखान्याच्या दारात सुटत नाही.

प्रमाणपत्र हातात घ्या आणि त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार कोणता लिहिला आहे ते पाहा. फक्त हातापायाचं म्हणजे लोकोमोटर एवढंच असेल, तर वाचेची तपासणी झालेलीच नाही असं समजा. तिथेच आणखी एक गोष्ट बघून ठेवा. प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं? मुदतीचं असेल तर फेरतपासणीची तारीख त्यावर असते, ती वहीत लिहून ठेवा.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असलं की टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत. केंद्र सरकारच्या मूल्यमापनाच्या नियमावलीत (२०१८ची, २०२४ मध्ये सुधारलेली) त्याचं सूत्र आहे. मोठा आकडा तसाच ठेवायचा. ९० मधून तो वजा करायचा. जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं, आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. तुमच्या बाबतीत मोठा आकडा ३६. समजा वाचेचं दिव्यांगत्व अगदी १० टक्केच निघालं. ९० वजा ३६ म्हणजे ५४, त्याला १० ने गुणून ९० ने भागलं की ६. छत्तीस आणि सहा, बेचाळीस. वाचेचे १५ टक्के निघाले तर एकूण ४५ होतात. तो बाहेरचा माणूस जो आकडा आठ हजारांत विकायला बसला आहे, तो कदाचित तुमचा हक्काचाच आहे. नक्की किती निघेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. पण तपासणी झालीच नाही, हा मुद्दा बळकट आहे आणि तो अपिलात मांडण्यासारखा आहे.

अपील म्हणजे कोर्टकचेरी नव्हे. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जायची सोय त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. त्याला मुदत आहे निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांची. तुम्ही लिहिता 'दोन महिने होत आले'. म्हणजे महिनाभर हातात आहे, कदाचित थोडा कमीच. प्रमाणपत्रावरची तारीख बघून दिवस मोजा. ते हातात पडलं तो दिवस धरू नका, वरची छापील तारीखच धरा, म्हणजे वादाला जागा नको.

त्यासाठी कागद काय काय लागतील? झटका आला तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट, फिजिओथेरपी चालू असेल तर त्याची नोंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाचेचा अहवाल. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात स्पीच थेरपिस्टची चौकशी करा. तिथे यजमानांची रीतसर चाचणी होऊन 'अफेजिया आहे, अमुक प्रमाणात आहे' असा कागद मिळाला की अपिलाचं अर्धं काम झालं. दवाखान्यातले जुने कागद हरवले असतील तर लेखी अर्ज करून मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर त्याचे वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यायचे असतात. माहिती अधिकारातही मागता येतात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पण त्यात ३० दिवस जाऊ शकतात आणि तेवढे तुमच्याकडे नाहीत. म्हणून अपील आधी, उरलेले कागद मागाहून जोडायचे.

अपिलात अलंकारिक लिहायचं नाही. 'आम्ही अत्यंत गरीब असून दयाबुद्धीने विचार व्हावा' हे वाक्य अर्जनवीस हमखास घालतात. ते काढायला लावा. टक्केवारी दयेवर ठरत नाही. मुद्दा एवढाच लिहा :

'दिनांक अमुक रोजीच्या प्रमाणपत्रात माझ्या उजव्या हातापायाच्या दिव्यांगत्वाचे मूल्यमापन झाले आहे. मेंदूच्या त्याच आजारामुळे माझी वाचा व भाषा बाधित झाली असून त्याची तपासणी करण्यात आलेली नाही. सोबत स्पीच थेरपिस्टचा अहवाल जोडला आहे. वाचा व भाषा दिव्यांगत्वाची तपासणी करून एकत्रित टक्केवारी काढण्यात यावी आणि मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.'

एवढ्यावर खाली त्यांची सही किंवा अंगठा. दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन परत या. पोच देत नाहीत म्हणाले तर वाद घालू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

आणि पुन्हा तपासणीला बोलावलं की तुम्ही खुर्चीवर गप्प बसा. जड जाईल. ते अडखळतील, चुकीचा शब्द येईल, डोळ्यांत पाणी येईल, आणि तुमच्या तोंडी उत्तर तयार असेल. तरी थांबा. डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं तर एवढंच सांगा, 'यांना बोलता येत नाही, तेच तपासायचं आहे.' नंतर त्यांनी तुम्हाला वेगळं विचारलं, तर रोजच्या गोष्टी सांगा. फोनवर बोलता येत नाही, दुकानात मागता येत नाही, मुलाचं नाव चुकतं. जे खरं असेल तेच, वाढवून नको.

आता वकील. इथे तो हवा, कारण मुदत चालू आहे आणि कागद नीट मांडायचा आहे. आणि तो तुम्हाला सरकारी खर्चाने मिळतो. ही मेहेरबानी नाही. राज्यघटनेच्या कलम ३९-अ मध्ये गरिबांना मोफत कायदेशीर मदतीची तरतूद आहे आणि तिच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बहुतेकांना वाटतं की हे फक्त कोर्टात केस असणाऱ्यांसाठी किंवा तुरुंगातल्यांसाठी आहे. तसं नाही. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कोर्टाखेरीज इतर कोणत्याही प्राधिकरणापुढचं काम आणि नुसता कायदेशीर सल्ला हेदेखील त्यात येतं. म्हणजे तुमचं हे वैद्यकीय अपील त्यात बसतं. शिवाय सरकारी कल्याणकारी योजनांचा लाभ लोकांपर्यंत पोचवायला मदत करावी, यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ पासून वेगळी योजनाच आहे. त्यातून विधी स्वयंसेवक तुमच्याबरोबर सरकारी कार्यालयात येऊ शकतात.

कुणाला मिळते ही मदत? स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. तुमच्या बाबतीत प्रकरण यजमानांचं आहे, म्हणून अर्ज त्यांच्या नावाने करायचा. टेबलावर कुणीतरी म्हणेल, '३६ टक्के म्हणजे दिव्यांग नाही.' ते चूक आहे. २०१६चा कायदा दिव्यांग व्यक्ती कोण हे सांगताना टक्के मोजत नाही. ४० ची रेघ ठरावीक लाभांसाठी आहे. पण हा वाद घालत बसण्यापेक्षा अर्जात दोन्ही कारणं लिहा, दिव्यांगत्वही आणि उत्पन्नही. महाराष्ट्रात मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला तीन लाख आहे, तुमचा ४८ हजारांचा दाखला त्यात सहज बसतो. एक कारण अडलं तर दुसऱ्यावर काम होतं. वकिली करताना आम्ही हेच करतो, एकाच पायावर उभं राहायचं नाही.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथली माणसं लिहून घेतात. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, त्यावर फोन करून तुमच्या तालुक्याचं कार्यालय कुठे ते विचारता येतं. पण जमलं तर प्रत्यक्षच जा, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो. म्हणून अर्जाच्या वरच, ठळक अक्षरात लिहा, 'अपिलाची मुदत अमुक तारखेला संपते.' तारीख दिसली की कारकून आणि सचिव दोघेही फाइल बाजूला ठेवताना विचार करतात. मंजुरी मिळाली की पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला वकील नेमून देतात. पॅनेलमधला कोणी तुम्हाला माहीत असेल आणि विश्वासाचा वाटत असेल, तर त्याचं नाव सुचवायला हरकत नाही.

या वकिलाची फी प्राधिकरण देतं. तुमच्याकडून त्याने काहीही घ्यायचं नाही. टायपिंगला म्हणून नाही, चहापाण्याला म्हणून नाही, 'वरच्या' खर्चाला म्हणून तर नाहीच. मागितले तर सचिवांना लेखी कळवा. तिथे सचिव हे न्यायाधीशच असतात, त्यामुळे तक्रारीला वजन असतं. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगते. पॅनेलवरचे सगळे वकील सारखे नसतात. काही जण जीव ओतून काम करतात, काहींच्या टेबलावर तुमची फाइल दहाव्या फाइलीच्या खाली असते. मानधन फार नाही आणि ते उशिरा मिळतं, हेही त्यामागचं कारण आहे. म्हणून गप्प बसू नका. आठवड्याने फोन करा, 'अपील कधी दाखल केलं, पोच क्रमांक काय' एवढंच विचारा. दाद लागली नाही तर वकील बदलून मिळावा असा अर्ज करता येतो आणि तो मंजूर होतो. यात कुणाचा अपमान नाही.

वकिलाला पहिल्या भेटीत तीन कामं सांगा : अपील कुणाकडे करायचं ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून पक्कं करणं, मसुदा वर सांगितल्याप्रमाणे वाचेच्या मुद्द्यावर ठेवणं आणि तो मुदतीत दाखल करून पोच तुम्हाला देणं. बाकी त्याला सुचेल ते त्याचं.

वकीलपत्रावर सही यजमानांची हवी, तुमची नव्हे. यावरून कुणी तरी हमखास म्हणेल, 'यांना बोलता येत नाही, आधी कोर्टातून पालक नेमून आणा.' हे ऐकून घाबरू नका आणि त्या वाटेला जाऊही नका. त्यांना समजतं, होय-नाही सांगता येतं, मग ते स्वतःचे निर्णय घ्यायला मुखत्यार आहेत. दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची आहे, असं कायदाच कलम १३ मध्ये म्हणतो. डाव्या हाताने सही जमत असेल तर ती चालेल, नाही तर अंगठा. मात्र कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही-अंगठा नको. आणि मूळ प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवू नका, अगदी पॅनेलवरच्या वकिलाकडेही नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि पिशवीत परत ठेवा.

अपील फेटाळलं तर? तेव्हा उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि त्यासाठीही मोफत वकील मिळतो, जिल्हा प्राधिकरणातून त्याची वाट सांगतील. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना त्यामुळे मुंबईची वारी राहिली नाही. पण तिथवर जायची पाळी येईल असं मला वाटत नाही. दुसरी जागा म्हणजे पुण्यातले राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही, साध्या कागदावर तक्रार करता येते. ते टक्के वाढवून देणार नाहीत, तो डॉक्टरांचा प्रांत. पण अपील घेतच नाहीत, उत्तरच देत नाहीत, तपासणीला बोलावतच नाहीत, अशी अडवणूक झाली तर त्यांच्याकडे जरूर लिहा. आयुक्तांनी शिफारस केली की त्यावर काय केलं हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं.

एक आडवाट तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. संजय गांधी योजनेत दुर्धर आजारांचा वेगळा गट आहे आणि त्यात पक्षाघाताचं नाव आहे. त्या गटाला ४० टक्क्यांची अट नाही. मग तिथूनच अर्ज का करू नये? कारण त्या गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. तुमचा दाखला ४८ हजारांचा. दिव्यांग म्हणून तुम्ही बसता, आजारी म्हणून नाही. रक्कमही तिथे दीड हजारच आहे. 'दाखला वीस हजारांचा करून आणा' असं कुणी सांगितलं तर तो त्या आठ हजारवाल्याचाच भाऊबंद समजा.

४० च्या वरचं प्रमाणपत्र मिळालं की मग तहसील. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य आणि १८ ते ६५ वय या दोन अटी तुम्ही बहुधा पुऱ्या करताच. उत्पन्नाचा दाखला तोवर जुना झाला असेल तर नवा काढून ठेवा. तो लोकसेवा हक्क कायद्याखाली येतो, ठरल्या मुदतीत मिळाला नाही तर आपले सरकार पोर्टलवर अपील करता येतं. यजमानांचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, तेही बघा. मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. तलाठी चौकशीला येतील तेव्हा यजमान घरी असू द्या. आणि या वेळी खिडकीवर कागद परत दिले तर घेऊ नका. 'अर्ज आवक करून घ्या, नामंजूर असेल तर लेखी कळवा' एवढं शांतपणे म्हणा, आवाज चढवायची गरज नाही. तरी नाही म्हणाले तर नायब तहसीलदारांना भेटा, आणि समितीचा विधी स्वयंसेवक बरोबर असेल तर बहुतेक वेळा तिथवर जायची वेळही येत नाही.

सगळ्यात आधी मात्र प्रमाणपत्रावरची तारीख. ती बघून ९० वा दिवस कोणता येतो ते काढा, आणि येत्या सोमवारी मालकांना घेऊन तालुक्याच्या कोर्टात जा. शिलाईचं काम एक दिवस मागे पडेल. स्पीच थेरपिस्टचा अहवाल अजून हातात नसला तरी जा, त्याची वाट बघत मुदत घालवू नका.